पाण्याकडचं दुकान

मंगळवार, ३

लिहायला बसते बसते म्हणता म्हणता या वहीचे कोपरे झिजले. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात ‘आजपासून रोज’ असं लिहिलं होतं. त्याच्याखाली मांजराचं चित्र काढलं, कारण मांजर समोर बसलं होतं. दुसरं पान एका बाईंना बसच्या वेळा लिहून द्यायला फाडलं. तिसऱ्यावर आत्याने कुणाच्या तरी ट्रकची मापं टिपून ठेवली. आता हे चौथं. हेही हातचं जायच्या आत लिहून टाकते.

मी या गावात यायचीच नव्हते. घरून निघाले ती हिशेबतपासनीस व्हायला. त्याआधी टंकलेखन झालं (निम्मं), परिचारिकेचा वर्ग झाला (रक्त दिसेपर्यंत), एका छपाईवाल्याकडे उमेदवारी झाली (भांडण होईपर्यंत). बाबा म्हणाले, “तुझ्या पायाला भिंगरी आहे. हे शेवटचं. पुरं केल्याशिवाय तोंड दाखवू नकोस.” या गावात बस पंक्चर झाली. चाक बदलेपर्यंत पाय मोकळे करून येते म्हटलं. आले तर बस नव्हती.

तेव्हा आठवलं की इथे बाबांची मोठी बहीण राहते. ताडपत्र्या शिवते. आईने एकदा बाबा घरात नसताना सांगितलं होतं, आणि वर बजावलं होतं की तिचं नाव घरात काढायचं नाही. काढायचं नाही म्हटल्यामुळेच पक्कं लक्षात राहिलं.

आत्या दारात उभी होती. मला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाली, “नाक बापाचं घेतलंस. नाइलाज आहे. ये आत. पिशवी पाण्याकडच्या कोपऱ्यात ठेव.”

मी पिशवी पाण्याच्या पिंपाजवळ ठेवली. आत्या म्हणाली, “तिथे कुठे? पाण्याकडे म्हटलं ना.” आणि समोरच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे पाण्याचा थेंब नव्हता. मग मी सांगितलं, घरी बाबा म्हणतात ‘पाण्याकडचा दिवा बंद कर’, आणि आम्ही सगळे जाऊन स्वयंपाकघरातला बंद करतो, कारण माठ तिथे आहे. ते उठून दुसराच बंद करतात.

आत्या हसायला लागली ती खाली बसली. हसता हसता विचारलं, “म्हणजे तो अजून म्हणतो?” मी हो म्हटलं. मग ती संध्याकाळभर माझ्याकडे पाठ करून शिवत बसली. मला वाटलं, मी न सांगता आले म्हणून रागावली असेल.

शनिवार, ७

आत्याची गल्ली म्हणजे धक्का. नावाचाच. पूर्वी इथे गलबतं लागायची. आता समुद्र गावाच्या पाठीमागे, बसने जावं लागतं इतका लांब. ‘मी धक्क्यावर राहते’ म्हटलं की नवा माणूस काळजीने विचारतो, कसला धक्का बसला?

गल्लीतली बरीच घरं रिकामी झालीत, कारण पुरातत्त्व खात्याला खालचं जुनं बंदर हवंय. मी तिथेच कामाला लागलेय. खापऱ्या धुते. टबात बुडवायच्या, मऊ ब्रशने घासायच्या, उन्हात मांडायच्या. उत्खननाच्या बाई गुडघ्यांना जाड पट्टे बांधून दिवसभर खड्ड्यात असतात. चहा मागवतात आणि विसरतात. ही वही त्यांनीच लिहायला लावली. म्हणाल्या, “जे दिसतं ते त्याच दिवशी लिहून ठेव. दुसऱ्या दिवशी आपण त्यात स्वतःची अक्कल घालतो.”

काल एका खापरीच्या कडेवर अंगठ्याचा ठसा सापडला. कुंभाराने ओल्या मातीवर दाबला असणार. मी माझा अंगठा त्यात ठेवून बघितला. बरोबर बसला. मग मी बाकीच्या चार मजुरांचे अंगठेही बसवून बघितले आणि बाईंची बोलणी खाल्ली. लंबूचा मात्र बसला नाही. लंबू म्हणजे खड्ड्यातला सगळ्यात उंच माणूस. खड्ड्यात उभा असला तरी रस्त्यावरच्या माणसाशी डोळ्याला डोळा भिडवून बोलतो.

बाई सध्या वैतागल्यात. गल्लीच्या समुद्राकडच्या अंगाला खणतायत आणि तिथे नुसत्या गोदामांच्या भिंती लागतायत. त्यांना हवी आहे धक्क्याची कड, जिथे गलबतं बांधायचे. “दोर बांधायचा एक दगड मिळाला तरी पुरे,” म्हणतात. “भोक असलेला. एक मिळाला की पुढची ओळ आपोआप सापडते.”

मीही रोज टोपली बघते. भोकाचा दगड काही येत नाही.

बुधवार, ११

आज जे झालं ते नीट लिहिते. तरी मध्येच दुसरीकडे गेले तर माझं मलाच माफ.

सकाळी आत्याकडे मोठं काम होतं, एका मालवाहू ट्रकची ताडपत्री. एवढं जाड कापड शिवायचं तर ते ताणून धरावं लागतं. आत्याच्या दुकानात जमिनीतून एक दगडी खुंटा वर आलाय, गुडघ्याएवढा, गुळगुळीत, एका बाजूला वाकलेला. त्याला ती ‘म्हातारा’ म्हणते. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबाही म्हणायचे. कापडाचं एक टोक म्हाताऱ्याला बांधायचं, दुसरं आपण ओढायचं, आणि मग दाभण चालवायचा. आत्याच्या तळहाताला चामड्याचा पट्टा असतो, दाभण मागून रेटायला. पूर्वी याच पट्ट्याने शिडं शिवायचे.

तर मला कामावर जायला उशीर झाला. बाईंनी विचारलं, “कुठे होतीस?”

“आत्याला मदत करत होते. म्हाताऱ्याला बांधायचं होतं.”

“कुणाला?”

“म्हाताऱ्याला. आत्या एकटीही बांधते, पण दोघी असलो की करकचून बांधता येतं. ढिलं राहिलं तर आत्या चिडते.”

बाईंनी हातातला ब्रश खाली ठेवला. “आणि मग?”

“मग काय, राहतो दिवसभर तसाच.”

“काही खायला-प्यायला?”

मला वाटलं आमचं विचारतायत. म्हटलं, “चहा घेतो की आम्ही. पाव असतो.”

“आणि त्याला?”

तेवढ्यात माझ्या टबात एक निळी चकचकीत खापरी वर आली. असली निळाई मी कधी बघितली नव्हती. त्यामुळे मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. लंबू म्हणतो, मी म्हटलं, “त्याला काय लागतंय, पडलाय कोपऱ्यात.”

थोड्याच वेळात बाई लंबूला घेऊन थेट दुकानात. चेहरा असा की आत्याने दाभण बाजूला ठेवला.

“घरात अजून कोण असतं?” बाईंनी विचारलं.

“ही भिंगरी आली आहे. बाकी मी.”

“आणि म्हातारा?”

“तो तर आहेच. तो काय, पाण्याकडे.”

बाई वळल्या, समुद्राच्या बाजूला. लंबू वळला, पिंपाच्या बाजूला. आत्या म्हणाली, “अहो, तिकडे काय बघताय? पाण्याकडे म्हटलं.” आणि हनुवटीने दाखवलं. तिथे म्हातारा, आणि त्याच्या गळ्यात हिरवी ताडपत्री.

सगळं उलगडल्यावर लंबू इतका हसला की त्याचं डोकं चौकटीला लागलं. आत्या म्हणाली, “म्हाताऱ्याला बांधते म्हणजे म्हाताऱ्यालाच बांधते! एवढं शिकून तुम्हाला मराठी येत नाही?” बाईही हसल्या. आणि हसता हसता एकदम थांबल्या. गुडघ्यांवर बसल्या. गाठ सोडून कापड बाजूला केलं. दगडाला वरच्या अंगाला आरपार भोक. मी रोज त्यातून दोर ओवत होते आणि रोज टोपलीत भोकाचा दगड शोधत होते. पण तो दगड कुठे होता, तो म्हातारा होता ना!

बाईंनी भोकाच्या आतून बोट फिरवलं. एका बाजूला खोल खाच पडलेली. “दोर या बाजूला ओढला जायचा,” त्या हळूच म्हणाल्या. “शेकडो वर्षं. पण ही समुद्राची बाजूच नाही.” मग वर बघून आत्याला विचारलं, “तुम्ही मघाशी पाण्याकडे म्हणालात. पाणी कुठे आहे?”

आत्याने आणि मी एकदमच बोट केलं, मागच्या खिडकीतून, खालच्या भाजीच्या शेतांकडे. तिथे कोबी लावलाय.

“तिथे खाडी होती,” आत्या म्हणाली. “माझ्या लहानपणी अजून थोडं पाणी असायचं. मग गाळाने भरली. पाणी गेलं. बाजू कुठे जाणार? ती आहे तिथेच.”

बाई जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि बराच वेळ कोबीकडे बघत राहिल्या. आम्ही जुन्या बंदरावर बसलो होतो आणि त्या त्याच्या पाठीत खणत होत्या. मला फार आनंद झाला. मी आत्याकडे बघितलं. ती ताडपत्री पुन्हा म्हाताऱ्यावर टाकत होती, थंडीत कुणाला पांघरूण घालावं तशी.

बाई गेल्यावर म्हणाली, “भिंगरी, तुझ्या ओठांना दुहेरी शिवण घालायला हवी.”

गुरुवार, १२

काल आत्याला काय झालं होतं ते आज कळलं. धक्क्याची कड आमच्या बाजूच्या घरांखालून जाते, म्हणजे आता दुकान जाणार. नव्या बंदराजवळ वसाहत बांधलीय, तिथे गाळा मिळेल. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाल्या, “तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी फरशीला हात लावणार नाही. पण माझी इथली मुदत संपत आली आहे. माझ्यानंतर येतील ते विचारतीलच असं नाही.”

आत्या म्हणाली, “मी हलणार नाही.”

“का, ते सांगाल?”

“गिऱ्हाईक यायचं नाही.”

समोरचा न्हावी दाढीचा फेस हातात घेऊन ऐकत होता. त्याने वसाहतीत गाळा घेतलाय, इथे फक्त जुनं सामान न्यायला आणि जुन्या लोकांच्या दाढ्या करायला येतो. तो म्हणाला, “अगं, ट्रक सगळे तिकडे. तुझं गिऱ्हाईक तिकडून इकडे येतं, शिव्या देत येतं.”

“सगळंच गिऱ्हाईक ट्रकवालं नसतं.”

“मग काय घोड्यावरून येतं?”

आत्याने त्याच्यावर दार लावलं. फेस दाराला लागला.

खरं तर न्हाव्याचं बरोबर आहे. मी इतके दिवस दुकानात आहे, ट्रकवाल्याशिवाय दुसरं गिऱ्हाईक मी बघितलेलं नाही. आणि हे सगळं माझ्या तोंडामुळे झालं. जेवताना मी आत्याला तसं म्हटलं. ती म्हणाली, “तोंड तर आहेच. पण दगड तुझ्या आधीपासून होता. मासा घे अजून एक.”

रविवार, १५

आईला फोन केला. बरेच दिवस टाळत होते, कारण आई विचारणार अभ्यास कसा चाललाय. विचारलंच. मग मी सगळंच ओकले. बस, आत्या, खापऱ्या. आधी शपथ घालून, की बाबांना एक शब्द सांगायचा नाही. आई म्हणाली, “माझ्या पोटात राहील.” आईच्या तोंडात तीळ भिजत नाही, पण दुसरं कोण आहे मला?

म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली तेव्हा आई खूप हसली. खाडीच्या जागी कोबी आणि तरी सगळी गल्ली कोबीला पाणी म्हणते, ते तर तिने मला दोनदा सांगायला लावलं. मग विचारलं, “ती कशी दिसते?”

“बाबांसारखी. मिशी नाही.”

“काय म्हणते त्यांच्याबद्दल?”

“काहीच नाही. आई, यांचं भांडण कशावरून झालं?”

आई म्हणाली, तिलाही धड ठाऊक नाही. शिडांचं काम बसायला लागलं तेव्हा बाबांना दुकान नव्या बंदरावर न्यायचं होतं, आत्याला नव्हतं. “विचारलं की एवढंच म्हणतात, मी तिला बोलावलं होतं. समुद्रावर दिवसभर उन्हात थांबलो. ती आली नाही. म्हणजे तिला बोलायचंच नव्हतं.”

म्हणूनच बहुतेक बाबा उन्हातही छत्री घेऊन हिंडतात. छत्र्या दुरुस्त करतात म्हणून धंद्याची जाहिरात असेल असं आम्हाला वाटायचं.

फोनच्या काचेला आणखी एक तडा गेलाय. आता तो हुबेहूब कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसतो.

बुधवार, १८

आत्या बाबांबद्दल काही म्हणत नाही, असं मी आईला सांगितलं ते तितकंसं खरं नाही. ती विचारते, पण शिवता शिवता, मान वर न करता, आणि असलं काहीतरी की त्याचा कुणाला उपयोग नाही.

“दोरा अजून दाताने तोडतो?”

“हो. पुढच्या दाताला खाच पडलीय.”

“पडू दे. मला काय करायचंय.” थोड्या वेळाने, “चहात साखर?”

“तीन चमचे.”

“मरेल.” मग बऱ्याच वेळाने, “शिवण कसली घालतो रे तो? छत्रीला?”

मला ‘रे’ म्हणाली. मी काही मुलगा नाही. मी माझी छत्री आणून दिली. बाबांनीच शिवलेली, घरून निघताना हातात कोंबलेली. आत्याने ती उघडली नाही, उलटी केली. पट्टा काढून अंगठा शिवणीवरून फिरवत नेला, टोकापासून टोकापर्यंत.

“दुमडून दुहेरी,” म्हणाली. “ही शिडाची शिवण आहे. वादळाला टिकायची. छत्रीला एवढी कोण घालतं? वेडा.”

छत्री परत द्यायची विसरली. म्हाताऱ्याला अडकवून ठेवलीय. उद्या मागेन.

शनिवार, २१

अजून मागितली नाही.

आज न्हाव्याला पकडलं. तो आत्याच्याच वयाचा. त्याला म्हटलं, बाबा आणि आत्या का बोलत नाहीत ते सांग. तो कात्री पुसत म्हणाला, “मला तर तेव्हापासून ठाऊक आहे. निरोप्या मीच होतो.”

बाबा आधीच नव्या बंदरावर जाऊन राहिले होते, काम बघत. न्हावी तिकडे दाढ्या करायला जायचा. बाबांनी त्याला सांगितलं, ‘ताईला म्हणावं, उद्या सकाळी पाण्याकडे ये. मी थांबतो. समोरासमोर बोलू. तिला नाहीच पटलं तर मी गपचूप परत येतो.’

“मग तू काय सांगितलंस?”

“जसंच्या तसं! मी न्हावी आहे, पण निरोपाला कात्री लावत नाही. ‘तुझा भाऊ पाण्याकडे थांबतोय, उद्या सकाळी ये म्हणाला.’ शब्द इकडचा तिकडे केला नाही.”

“मग?”

“मग काय, ही गेली नसणार. डोकं आहे का दगड? म्हाताऱ्याची बहीण शोभते.”

मग तो मला केस कापून घे म्हणायला लागला, फुकट कापतो म्हणाला. मी म्हटलं, काप. आता मी कोंबडीसारखी दिसते. लंबू सकाळपासून खड्ड्यातून ‘कुकूच कू’ करतोय.

मंगळवार, २४

बाईंनी खिडकीखालच्या कोबीच्या शेतमालकाला विचारून कडेला एक छोटा खड्डा घेतला. कोबीखाली काळा, चिकट गाळ. त्या गाळात दोराचा तुकडा! पिळलेला, कोळशासारखा काळा झालेला, पण पीळ सुटलेला नाही. बाई त्याला पाण्याच्या डब्यात असं घेऊन आल्या, जसं तान्हं मूल. आत्यालाही दाखवला. आत्या बघतच राहिली. म्हणाली, “तीन पदरी. उजवा पीळ. आमचाही असाच असतो.” बाई म्हणाल्या, “म्हणूनच दाखवायला आणला.” मग दोघी पिळाबद्दल बोलत बसल्या आणि चहा या वेळी दोघींचा गार झाला.

बाई गेल्यावर मला धीर आला. म्हटलं, “आत्या, तेव्हा तू का नाही गेलीस बाबांना भेटायला?”

“कोण म्हणतं नाही गेले?” आत्या एवढ्या जोरात म्हणाली की मांजर उठलं. “निरोप आला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच गेले. पाण्याकडे. खाली खाडीच्या काठाला, जिथे आम्ही लहानपणी बसायचो. डब्यात त्याच्यासाठी अंडी उकडून नेली होती. गाळात काम करणारे लोक आले, घरी गेले. दिवस बुडाला. तो आला नाही.”

“मग?”

“मग अंडी मांजराला घातली. आणि शिवण पुरी केली.”

कमाल आहे. बाबा म्हणतात मी थांबलो, ती आली नाही. आत्या म्हणते मी थांबले, तो आला नाही. दोघांतलं एक नक्की थापा मारतंय. माझा संशय बाबांवर आहे, कारण एकदा मला शाळेतून आणायला ते विसरले होते आणि घरी येऊन म्हणाले होते की शाळाच सापडली नाही.

मी आत्याला हे म्हटलं नाही. आधीच माझ्या तोंडाने बरंच झालंय.

शुक्रवार, २७

आत्या हो म्हणाली!

झालं असं. बाई शेवटचं विचारायला आल्या होत्या. आत्याची कारणं नेहमीचीच. समुद्राची हवा दमट, दोरा कुजतो. तिकडची फरशी गुळगुळीत, पाय घसरतो. मग म्हणाली, “गाळा सत्तावीस! क्रमांकाने माणूस कुठे सापडतो का? इथे कसं, डोळे मिटून येईल.”

“कोण?” बाईंनी विचारलं.

“कुणीही. गिऱ्हाईक.”

बाईंनी म्हाताऱ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, “इथे आम्ही एक पाटी लावणार आहोत. हा जुना धक्का, असं सांगणारी. म्हाताऱ्याला कुठेही नेणार नाही, तो इथेच राहील, छप्पर घालून.”

आत्याने दाभण थांबवला. “तुमची पाटी कायमची असणार?”

“लोखंडी.”

“मग तिच्याखाली माझी लावाल? दुकान कुठे हललं ते सांगायला?”

“लावू की. महिनाभर ठेवली की लोकांना नवी जागा कळते.”

“महिनाभर नाही,” आत्या म्हणाली. “कायमची. काही लोकांना वेळ लागतो.”

बाई म्हणाल्या, “कायमची.” एवढ्यावर जमलं! मला समजत नाही, हे मी आधीच का सुचवलं नाही. आत्याला पाटीच हवी होती तर!

पाटी आत्याने स्वतः रंगवली. मी वाचून कपाळावर हात मारला. ‘दुकान हललं आहे. मातीकडे जा. समुद्र लागेल. गाळा सत्तावीस. मी थांबले आहे.’

म्हटलं, “आत्या, मातीकडे म्हणजे पाण्याच्या उलट बाजूला, हे ट्रकवाल्याला कसं कळणार? आणि समुद्र मातीकडे कसा?”

“आता तो तिकडेच आहे. मी काय करू?”

“आणि ‘मी थांबले आहे’ असं कुठलं दुकान लिहितं? ‘आपली सेवा हाच आमचा’ वगैरे लिही.”

“तू हिशेबतपासनीस हो जा,” आत्या म्हणाली.

संध्याकाळी आईचा फोन. आवाजावरूनच कळलं. “मी त्यांना काही सांगितलं नाही हं! तुझं नाव, आत्याचं नाव, काही नाही. फक्त ती कोबीची गंमत सांगितली, जेवताना. कुणाकडून तरी ऐकली म्हणून.”

“आई!”

“अगं, पण ते हसलेच नाहीत. घास हातात तसाच. म्हणाले, पुन्हा सांग. बोट कुठे केलं? शेताकडे? समुद्राकडे नाही? मी म्हटलं, नाही बाई, शेताकडे. तर ताटावरून उठले. तेव्हापासून सगळ्या छत्र्या आवरतायत.”

गावाचं नाव न घेताही त्यांना कळलंय. म्हणजे मी वर्ग सोडलाय हेही कळलं. मेले.

सोमवार, ३०

जिन्यात बसून लिहितेय. खाली सामान बांधून झालंय, ट्रक दाराशी आहे. न्हावी ट्रकवाल्याला वाट समजावतोय आणि दोघंही चुकतायत. पाटी सकाळीच लावली, बाईंच्या पाटीच्या खाली, म्हाताऱ्याच्या डोक्यावर. दुकानाची त्या अंगाची भिंत कालच उतरवली, त्यामुळे म्हातारा आता बाहेर उघड्यावर आलाय. म्हाताऱ्याच्या गळ्यात आज काही बांधलेलं नाही. माझी छत्री तेवढी आत्याने स्वतःच्या गाठोड्यात घातली. मागितली नाही मी.

एवढ्यात लंबू धावत आला. खाली वाकून दारातून डोकं आत घातलं.

“ए भिंगरी, बाहेर एक म्हातारा पाटीशी भांडतोय.”

“पाटीशी?”

“म्हणतो, समुद्र मातीकडे कसा असेल, कोणत्या मूर्खाने लिहिलंय? मी म्हटलं, काका, तुम्हाला काय कळलं त्यातलं, आम्हालाच कळत नाही. तर माझ्यावरच ओरडला. मग पार जवळ गेला, नाक टेकवून वाचलं, आणि म्हणतो, अक्षर ओळखीचं आहे. आता अक्षरांवर बोट ठेवून उभा आहे. एवढं ऊन, आभाळ कोरडं, आणि काखेत छत्री!”

आत्याच्या हातातली दोरी सुटली. ती तशीच बाहेर गेली, चपला न घालता, तळहाताला पट्टा तसाच. बिचारी. मला वाचवायला गेली असणार. म्हणाले होते ना, पुरं केल्याशिवाय तोंड दाखवू नकोस, आता मला फरफटत नेतील. आणि मी अशी कोंबडीसारखी कापलेली!

इथून कान देऊन बसलेय. ओरडण्याचा आवाज येत नाही.

जिन्याच्या खिडकीतून बघितलं. तेच आहेत. आत्या शेतांकडे हात करून काहीतरी सांगतेय आणि बाबा समुद्राकडे हात करून. भेटल्या भेटल्या वाद! मग दोघांचेही हात तसेच राहिले, एक तिकडे, एक इकडे, आणि बोलणं थांबलं. आता आत्याने पट्ट्याच्या हाताने तोंड झाकलंय. बाबा खाली बसलेत, म्हाताऱ्याला टेकून. हसतायत की काय, पाठमोरे असल्यामुळे कळत नाही.

माझं नाव अजून कुणी काढलं नाही. जाते खाली. लपून किती लपणार? बाबा आलेत.